झोपमोड

पप्पांच्या लाल, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा मूळचा सायलेन्सर गंजून गळून पडला, तेव्हा मेकॅनिककाका दुसऱ्या कंपन्यांचे तीन सायलेन्सर घेऊन दारात हजर झाले. निवडायचं काम लेकीकडे आलं आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

"तू वर जाऊन पलंगावर डोळे मिटून पड," पप्पा म्हणाले. "मी खाली गाडी सुरू करतो. ज्याचा आवाज येणार नाही, तो आपला. पहाटे निघायचं झालं तर आईची झोपमोड नको."

पहिल्यानं खिडकीच्या काचा थरथरल्या. काय भारी गुरगुरला! दुसरा नुसताच खोकला. तिसऱ्याची वाट बघून बघून ती शेवटी खिडकीतून ओरडली, "पप्पा, सुरू करा की!"

"अगं, कधीचीच सुरू आहे!"

"साहेब, वाघाचं मांजर करताय," काकांनी कपाळावर हात मारला. तिलाही खरं तर पहिलाच हवा होता. पण आईला एवढं जपणारे पप्पा बघून तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"शाब्बास! रविवारी पहिली चक्कर तुझी," म्हणत पप्पांनी टाळी दिली.

रविवारी उजाडताच ती बूट घालून खाली पळाली. गॅरेज रिकामं होतं. धावत वर आली, तर पप्पांच्या कपाटात नुसते हँगर लोंबत होते आणि आई त्याचं दार धरून उभी होती.

"गाडी गेल्याचा आवाज तरी आला का गं तुला?"

"कसा येईल, आई? मीच तर निवडला."