पुढच्या तुकडीची भिंत

"एवढा कोपरा सोडू का सर?" बिरदेवनं विचारलं. त्याच्या हातातल्या कुंच्यातून चुना बादलीत गळत होता.

गोपाळकृष्ण सर भिंतीकडं बघत राहिले. ईट गावच्या माळावर त्यांनी काढलेलं हे चित्रकलेचं कॉलेज बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याची शेड आता धान्याचा व्यापारी रणधीरनं भाड्यानं घेतली होती. उद्या सोयाबीनची पोती लागणार, म्हणून आज भिंत पांढरी करायची. बिरदेव इथंच शिकलेला, आता जवळच्या वाशीला लोकांची घरं रंगवतो.

कॉलेज तसं अजबच होतं. प्रवेशाला परीक्षा नाही. ज्याला रेघ ओढता येत नाही, त्याला आधी घ्यायचं. सगळ्या तुकडीनं मिळून वर्षभर या भिंतीवर एकच चित्र काढायचं, खाली कुणी नाव घालायचं नाही. वर्ष संपलं की आपलं चित्र आपल्याच हातानं चुन्यानं पुसायचं आणि मागं उभ्या असलेल्या नव्या तुकडीच्या हातात कोळसा द्यायचा. पोरं रडायची. सर ऐकायचे नाहीत.

शेवटच्या तुकडीमागं कुणी उभं राहिलंच नाही, म्हणून तिचं चित्र तसंच राहिलं. त्या तुकडीत सरांची मुलगी देवश्री होती. गेल्या साली ती तापानं गेली. कोपऱ्यात तिनं एक बाई काढली होती, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन माळ चढणारी, पाठमोरी. ती तिची आई, शारदाबाई. कॉलेजातली सगळी पोरं त्यांच्याच हातचं जेवलेली.

"सोडतो म्हणतोय ना तो," शारदाबाई दारातून म्हणाल्या. "पोतीच तर लागायचीत. तिच्या हातचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडं?"

"बिरदेवचा बैल सोडला होता का मी?"

बिरदेवनं मान खाली घातली. त्याच्या तुकडीच्या चित्रात त्यानं काढलेला बैल लई झकास उतरला होता. पुसला त्या दिवशी बिरदेव जेवला नव्हता.

"लोकांची पोरं रडवलीत जन्मभर," शारदाबाई म्हणाल्या. "आता स्वतःची गेली, तर तिलाही सूट नाही."

सरांनी बिरदेवच्या हातातून कुंचा घेतला.

"तिनं पुसायचं होतं. ती नाही, म्हणून मी."

बाईचे पाय गेले, लुगडं गेलं. पाटीपाशी सरांचा हात जरा थांबला, मग पाटीही गेली. शारदाबाई तोंड फिरवतील असं बिरदेवला वाटलं होतं. त्या शेवटपर्यंत बघत राहिल्या.

भिंत पांढरी झाली, आणि मग सरांची चूक झाली. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी कोनाड्यातला कोळशाचा तुकडा उचलला आणि भिंतीकडंच तोंड ठेवून हात मागं केला.

मागं कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. बिरदेवला पुढं व्हावंसं वाटलं, पण त्याची पाळी कधीच होऊन गेली होती.

शारदाबाई आत आल्या. त्यांनी कोळसा घेतला.

"मला काही येत नाही," त्या म्हणाल्या.

"न येणाऱ्यांनाच घेत होतो," सर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

चुना सुकेपर्यंत शारदाबाई कोळसा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक रेघ ओढली. वाकडी आली. तिच्याशेजारी दुसरी ओढली.

रणधीर चाव्या घेऊन आला आणि दारातच थबकला. "अहो काकू, आत्ताच रंगवली की भिंत." मग त्याला सरांचा चेहरा दिसला. "बरं, असू द्या. पोती लागली की दिसायचं न्हाय ते."

"सोयाबीन विकल्यावर दिसेल," शारदाबाई म्हणाल्या, आणि तिसरी रेघ ओढायला लागल्या.