शनिवारचा बिघाड

"या, या. बसा," दार उघडून बाबा म्हणाले आणि वाट सोडून बाजूला झाले.

लेकीला हसू आलं. चाळीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले या माणसाने. दुकान विकलं, पण दुकानाचे नियम काही सुटले नाहीत. यंत्र घेऊन येईल त्याला अहोजाहो करायचं, मग ते पोटचं पोर का असेना. गिऱ्हाइकाने टेबलाच्या पलीकडे बसायचं. आणि हत्यारांची पेटी उघडल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, बिघाड नुसता प्रोग्रामचा असला तरी.

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "आवाज गेलाय बाबा. आणि वायफाय सापडत नाही."

"दोन्ही एकदम?"

"एकदम."

"दुष्काळात तेरावा महिना," म्हणत बाबांनी पत्र्याची पेटी पुढ्यात ओढली. तिचं झाकण दोघांच्या मधे भिंतीसारखं उभं राहिलं. पेटीत डोकं घालून ते जरा वेळ काहीतरी शोधत राहिले. मग एक स्क्रूड्रायव्हर घेऊन वर आले आणि प्रसन्न हसले.

"बोल, ठमे. काय उद्योग केलेस?"

ठमीने भिंतीवरच्या घड्याळात बघून घेतलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

उद्योग तिनेच केले होते, आज सकाळी, स्वतःच्या हाताने. तीन महिन्यांपूर्वी बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "वयाने थोडं व्हायचंच. पण लक्ष ठेवा. जे काम जन्मभर केलं त्यातच चुकायला लागले, तर मात्र एकटं ठेवू नका." जन्मभर केलेलं काम एकच होतं. म्हणून ती दर शनिवारी लॅपटॉप बिघडवून आणत होती. त्यावरची लिनक्स सिस्टिमही बाबांनीच घातलेली. दुरुस्तीचे सल्ले देणारे इंटरनेटवर पैशाला पासरी. तेच सल्ले उलटे वाचून ती बिघडवायला शिकली. अकरा शनिवार झाले, अकरा बिघाड, आणि बाबा एकदाही चुकले नव्हते.

आज बारावा. आजचा पेपर तिने मुद्दाम अवघड काढला होता. लांबच्या शहरात तिला नोकरी मिळाली होती; गेल्या शनिवारी तिने ते बाबांच्या कानावर घातलं होतं, आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बाबा आज अडखळले, तर 'नको' कळवायचं. अशी नोकरी पुन्हा दारात येणार नव्हती, हे तिला माहीत होतं. आणि बाप दुसरा मिळत नाही, हेही.

बाबांनी आधी हेडफोनची खाच फुंकली. आवाज वाढवून पाहिला. मग स्क्रीन स्वतःकडे फिरवून दोन-चार कळा दाबल्या आणि चष्मा कपाळावर चढवून शांतपणे वाचत बसले.

"काय वाचताय?"

"रोग्याला बोलू द्यावं. आपण मधे तोंड घालू नये."

पाच मिनिटांनी ते म्हणाले, "आवाजाचा ड्रायव्हर बंद करून ठेवलाय. एका फाइलीत एकच ओळ आहे. ती काढली की झालं."

"कुणी ठेवला बंद?" ठमीने डोळे मोठे करून विचारलं.

"अपडेटने, आणखी कोण? मोठं बिलंदर असतं ते."

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि गाणं खणखणीत वाजलं. आता वायफाय. बाबांनी यंत्र पालथं केलं आणि तळाच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं. एका स्क्रूवर ते थांबलं. "इथे ताजा ओरखडा आहे," असं पुटपुटत त्यांनी तळ उघडला. आत बारीकशी काळी वायर सुटली होती. त्यांनी ती नखाने दाबली, तशी ती टक करून बसली. मग तळ पुन्हा बसवून स्क्रू आवळले.

अकरा एकतीस. दोन बिघाड, एकवीस मिनिटं.

ठमीच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले ते तिने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत लपवले.

"बाबा, मग मी त्यांना हो म्हणू?"

बाबांनी स्क्रूड्रायव्हर ठेवायला पेटीत हात घातला. मान वर करायला त्यांना किंचित वेळ लागला.

"त्या लांबच्या नोकरीला ना? म्हण की! मी काय कुक्कुलं बाळ आहे? चहा टाकतो. साखर किती?"

"एक चमचा. जन्मभर एकच घेते मी."

"तरी विचारायची पद्धत असते," म्हणत ते आत गेले.

वायफाय चालू झालंच होतं. ठमीने तिथल्या तिथे पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. मन पिसासारखं हलकं झालं. लॅपटॉप मिटला, तर एक स्क्रू टेबलावरच राहिलेला. एवढा तर आपणही लावू, असं म्हणत तिने स्क्रूड्रायव्हरसाठी पेटी स्वतःकडे फिरवली.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. अक्षर बाबांचं, रेखीव.

'शनिवारी लॅपटॉप घेऊन येते ती आपली मुलगी. चेहरा ओळखीचा वाटला नाही तरी घाबरायचं नाही. तिला ठमे म्हणायचं.

यंत्र तीच बिघडवून आणते. आधी हिस्टरी उघडायची. तिने काय काय टाइप केलं ते ओळीने तिथे असतं. तिथे नसेल तर स्क्रूवरचे ओरखडे बघायचे. खापर अपडेटवर फोडायचं.'

खाली गेल्या शनिवारची तारीख होती आणि वेगळ्या शाईत दोन ओळी.

'तिला लांब नोकरी मिळाली आहे. आपल्यापायी अडली आहे. विचारेल तेव्हा हसून जा म्हणायचं.'

आतून कपबश्या वाजल्या आणि बाबांचा आवाज आला.

"अहो, साखर किती म्हणालात?"