शंभर वृषाली

उपचार दिल्यावर पडद्यावरच्या शंभर वृषालींपैकी एकोणीस जणी नवव्या दिवसापर्यंत मेल्या. चाकांच्या खुर्चीतल्या खऱ्या वृषालीने ते न डगमगता पाहिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारावरचा हा वादग्रस्त उपचार आधी रुग्णाच्या संगणकातल्या प्रतिरूपांवर करायचा आणि पाचाहून जास्त दगावली तर माणसाला द्यायचा नाही, असा नियमच होता.

"नामंजूर," उपचाराला परवानगी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. पारसनीस म्हणाले. "बाई, तुमच्या जिवाशी आम्हाला खेळता येणार नाही."

"बरं. आता हीच चाचणी उपचार न देता चालवून दाखवा."

"तसं आम्ही कधी चालवत नाही. उपचार न घ्यायला परवानगी कुठे लागते?"

"मी थांबते," म्हणत वृषालीने खुर्चीचा ब्रेक लावला.

शेवटी अध्यक्षांनी कळ दाबली. पडद्यावर महिने भराभर सरकू लागले. सातव्या महिन्यापर्यंत शंभरच्या शंभर जणींचे हात गेले होते. दुसऱ्या वर्षी नजर गेली, तिसऱ्या वर्षी घास गिळता येईना. मेली मात्र एकही नाही.

वृषालीने एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं : 'आजार असाच वाढू देण्यास मंजुरी'.

"करा सही," ती म्हणाली. "आणि पेन लगेच खिशात ठेवू नका, डॉक्टर. बाहेर याच आजाराचे आमचे एकेचाळीस जण बसलेत. प्रत्येकाने हाच कागद आणलाय."