पहिल्याच झटक्याला

"कुणाला खरं वाटणार नाही, पण माझं गवत कापायचं मशीन हिवाळाभर पडून राहिलं तरी एप्रिलात पहिल्याच झटक्याला सुरू होतं!" जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळींना उल्हासकाका दरवर्षी ऐकवायचे. "ऑक्टोबरात मी स्वतः पेट्रोल काढून ठेवतो. मग जुन्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये चिकटा साचेलच कसा?"

यंदा शेजारच्या फ्राऊ लांगेंचं, म्हणजे लांगेबाईंचं, गवत गुडघाभर वाढलं, तेव्हा काका मोठ्या ऐटीत मशीन घेऊन मदतीला गेले. वीसदा दोरी ओढली, पण मशीन हूं की चूं करेना. फ्राऊ लांगे दारातून बघत होत्या.

"काढलं होतं हो पेट्रोल, या हातांनी!" काका घाम पुसत म्हणाले.



"अहो, पुरे आता," नीलिमाकाकू मोठ्यांदा म्हणाल्या. "पेट्रोल दरवर्षी या लांगेबाईंचे यजमान डीटर काढायचे, तुम्ही खिडकीत चहा पीत बघायचात. गेल्या सप्टेंबरात ते वारले, मग ऑक्टोबरात काढणार कोण!"