आवाज गिळणारे हेडफोन

"एक कान उघडा राहील असलं काहीतरी घे गं पोरी," आपांनी, म्हणजे सासूबाईंनी, बजावलं होतं.

"मग तुमच्या नातवाच्या भोकाडापुढे मला काय ऐकू येणार, आपा?" बेगिमाईने ते हसण्यावारी नेलं. मुलाखती ऐकून टाइप करायचं तिचं काम, एक शब्द चुकला तरी कंपनीवाले परत पाठवायचे.

बिश्केकच्या बाजारात दुकानदाराने तीन तऱ्हा दाखवल्या: कानात खुपसायचे, कानावर नुसते टेकणारे आणि कान पुरते झाकून बाहेरचा आवाज गिळणारे. "हे घातलेत तर शेजारचं लग्नसुद्धा ऐकू येणार नाही, ताई!" तो म्हणाला. तिने तेच उचलले.

दुसऱ्या दिवशी ती हेडफोन लावून टाइप करताना सारखी मागे वळून आतल्या खोलीत बघत होती. बाळ लाकडी बेशिकमध्ये, म्हणजे तिकडच्या पाळण्यात, पट्ट्यांनी नीट बांधलेलं होतं, वरून कापड टाकलेलं. आपा नेहमीसारख्या दाराआड जमिनीवर बसून दोरी ओढत असणार, कारण पाळणा हलत होता, अंमळ जोरातच. आपा आज रंगात आहेत, असं वाटून ती पाऊण तास निर्धास्त होती.

 

आपा बसलेल्या नव्हत्या, पडल्या होत्या. वाचा गेलेली, अर्धं अंग लुळं. उरलेल्या एका हाताने पाळण्याला हिसके देऊन त्या बाळाला रडवत होत्या, सुनेला ऐकू जावं म्हणून.

आज आठवा दिवस, आपांनी डोळे उघडलेले नाहीत. बेगिमाई दवाखान्याच्या पायरीवर भेटेल त्याला विनवते, तुम्हालाही विनवतेय: तुमच्या आतल्या खोलीत आत्ता कोण आहे? उठा, आधी बघून या.