पहिला मान
पाय लुळे पडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई खाली उतरलीच नव्हती. आज इमारतीत लिफ्ट सुरू होणार म्हणून तिने नवेकोरे बूट चढवले. भावाने चाकांची खुर्ची दाराबाहेर आणली. लिफ्ट वर आली, पण जिन्याच्या वळणावर, अर्धा मजला खालीच थांबली. आतून सेक्रेटरी ओरडले, “या ताई, पहिला मान तुमचा!” भाऊ मधल्या पायऱ्यांकडे बघतच राहिला. “दारापर्यंत नाही येत?” “जागा तिथेच होती हो. चौघं मिळून उचलू की!” “आज उचलाल,” ती म्हणाली, “उद्या?” शेजाऱ्यांनी गच्च भरलेली लिफ्ट खाली गेली. दिवसभर ती ये-जा करत होती आणि दरवेळी गोड आवाजात सांगत होती, “दरवाजा उघडत आहे.” संध्याकाळी ताईने पलंग मागच्या खोलीत हलवायला सांगितला. “तिथे उजेड नाही, ताई.” “आवाजही नाही.”