नजरेचा आवाज

"डोळं फिरवलं की कानात रहाटावानी कुरकुरतंय," असं जतच्या बनुबाईनं वर्षापूर्वी सांगितलं, तेव्हा डॉक्टर सम्मेद शिकाऊ पोरांसमोर हसले होते. कागदावर त्यांनी 'मनाचा आजार' लिहिलं. घरच्यांनी तो कागद खरा धरला आणि तिला मेंढरांशेजारी निजवलं.

आज स्कॅनमध्ये तिच्या कानाच्या हाडाला बारीक भोक दिसलं; त्यातूनच डोळ्यांची हालचाल तिला खरोखर ऐकू येत होती.

सांगलीच्या वॉर्डात ती डोळे मिटून पडली होती.

"आजी, माझं चुकलं." शरमेनं डॉक्टरांची नजर फरशीवर उतरली.

"उतरली व्हय खाली?" मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमची नजर कुरकुरली की, आवं. तुमी हसला त्या दिशी मी लय कान लावून बसली हुती. ती माज्याकडं एकदाबी वळली न्हाई."